अंगाच्या रंगाचं नेलपॉलिश

सत्यशीला अंगणवाडीत परत रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळी मुलांना गोल उभं करून ती गाणं म्हणायला लागली. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे म्हटल्यावर तिच्या डाव्या बाजूची चिमुरडी एकदम मागे सरली. दोन्ही हात पाठीमागे लपवून म्हणाली, "बाई, तुमची नखं मेल्यात."

बाकीची मुलं हसली असती तर बरं झालं असतं. ती सगळी माना पुढं काढून सत्यशीलाच्या बोटांकडे बघायला लागली. मदतनीस बनुबाई आतून खिचडीचं पातेलं घेऊन येत होती, तिनं पोरीला दटावलं. सत्यशीलानं पदराखाली हात घेतले आणि गाणं टाळ्यांवर आणून संपवलं. पण टाळ्या वाजवायलाही हात बाहेर काढावेच लागले.

पोरीचं चुकलं नव्हतं. आदल्या वर्षी सत्यशीलाच्या छातीत गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. केस गेले, ते पोरांसारखे बारीक का होईना, परत आले. पदर घेतला की दिसत नसत. नखं मात्र मुळापासून काळी पडली होती. काही बोटांवर काळपट पट्टे, आणि दोन्ही अंगठे तर दगडाखाली चेपल्यासारखे. "वाढतील तसे पुढं सरकतील, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले होते. पण नख वाढतं किती हळू, हे ते वाढायची वाट बघणाऱ्यालाच कळतं.

गावात तिनं आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. "गाठ काढली" एवढंच. ते ऐकून लोक गप्प बसले असते, पण नखं त्यांना गप्प बसू देत नव्हती. किराणा दुकानात, हापशावर, जीपमध्ये, कुठंही कुणीतरी विचारायचंच. "हात दारात सापडला काय गं?" "विहिरीचा रहाट लागला का?" एका बाईनं तर आवाज बारीक करून विचारलं, "काही बाहेरचं तर न्हाई ना?" सत्यशीला आधी नीट उत्तर द्यायची. मग थोडक्यात द्यायची. मग नुसतं "हं" म्हणायला लागली. दिवसभर मुलं, वजनकाटा, मोबाईलवर भरायची माहिती, आणि त्यावर हे. संध्याकाळी घरी येऊन बसली की चप्पल काढायला वाकायचाही तिला कंटाळा यायचा.

मेंदी लावून बघितली. काळ्यावर नारिंगी चढून नखं आणखीच भयाण दिसायला लागली. त्या दिवशी पोर असं बोलल्यावर तिनं दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. सिस्टर म्हणाली, "नखं उचलली नाहीत ना? दुखत नाहीत ना? मग नेलपॉलिश लावायला हरकत नाही. पण साधं, कमी केमिकलचं बघा. आणि ते उग्र वासाचं रिमूव्हर अजिबात नको."

सत्यशीलानं आयुष्यात लग्नाचे चार दिवस सोडले तर नखांना कधी रंग लावला नव्हता. अंगणवाडीच्या बाईनं लाल नखं करून खिचडी वाढली असती तर गावाला आणखी एक विषय मिळाला असता. तिला रंग हवा होता, पण तो रंग आहे हे कुणाला कळायला नको होतं.

रविवारी ती जामखेडला गेली. खर्डा रोडला राजेश्वरीचं पार्लर होतं. पुढच्या बाजूला बांगड्या, पिना, क्रीम यांचं दुकान आणि पडद्यामागे दोन खुर्च्या. लग्नसराई सुरू झाली होती. राजेश्वरी पहाटे एका नवरीला तयार करून नुकतीच परत आली होती, आणि पाय स्टुलावर टाकून गार झालेला चहा पीत होती. पायाचे घोटे सुजले होते. गिऱ्हाईक बघून ती उठायला लागली तेव्हा सत्यशीला म्हणाली, "बसा, बसा. मला घाई न्हाई."

"बोला ताई, काय देऊ?"

"नेलपॉलिश. पण लावलंय हे कळलं न्हाई पाहिजे असं."

असं मागणारं गिऱ्हाईक राजेश्वरीकडे सहसा येत नसे. तिनं कप खाली ठेवला. सत्यशीलानं पदरातून हात काढून काउंटरवर ठेवले. राजेश्वरीनं बघितलं, एक बोट हातात घेऊन नखाची कड चाचपली, आणि काही न विचारता म्हणाली, "माझ्या चुलतीला झालं होतं असं. केमोत."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी न विचारता ओळखलं होतं. सत्यशीलाला हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला कंटाळा आला. तिनं पदरानं डोळे टिपले आणि सिस्टरनं काय सांगितलं ते सांगितलं.

राजेश्वरीनं मागच्या फळीवरून एक खोका काढला. आत लाकडी टोपणाच्या छोट्या बाटल्या. "ह्या एका जैन घरातल्या नवरीसाठी मागवल्या होत्या. त्यांना जीवजंतूचं काही चालत नाही. ह्यात मासोळीच्या खवल्यांची चमक नाही, किड्यांचा लाल रंग नाही. व्हिगन म्हणतात. वासही कमी येतो. तिनं दोनच नेल्या, बाकीच्या पडून आहेत. लाल-मरून कुणी सोडत नाही, आणि ह्या कुणी मागत नाही."

बाटल्यांवर इंग्रजीत नावं होती. सत्यशीला बारावी शिकलेली; तिनं बाटली डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि झटकन खाली ठेवली. "न्यूड लिहिलंय हो ह्याच्यावर."

राजेश्वरी थकलेली होती तरी हसली. "त्याचा अर्थ तसला नाही. अंगाच्या रंगाचं, असं."

"कुणाच्या अंगाच्या?"

राजेश्वरीनं खोक्याकडे बघितलं. खोक्यावरच्या चित्रात गोऱ्यापान बाईचा हात होता. तिनं खोका उलटा ठेवला. "बघू लावून. एकेका बोटाला एकेक लावू."

करंगळीला लावलेला पहिला रंग दुधाच्या सायीसारखा होता. सत्यशीलाच्या सावळ्या बोटावर तो चुन्याच्या बोटासारखा उठून दिसला, आणि त्याखालून काळा पट्टा तसाच डोकावत राहिला. दुसरा फिकट गुलाबी. तो लावल्यावर बोट आजारी माणसाचं दिसायला लागलं.

"ह्यापेक्षा काळं बरं," सत्यशीला म्हणाली.

"थांबा हो. घाई नाही म्हणालात ना."

तिसरा जास्त दुधाच्या चहासारखा होता. तो जवळपास जमला. पण अंगठ्यावर दोन हात देऊनही काळं झाकलं जाईना. राजेश्वरीनं ती बाटली बाजूला ठेवली, आणखी दोन बाटल्या उन्हात धरून बघितल्या, एक परत ठेवली. दुसरी उघडली. शेंगदाण्याच्या आतल्या सालीचा रंग. लाल म्हणावा तर लाल नाही, तपकिरी म्हणावा तर तोही नाही. बाटलीत तो इतका गडद दिसत होता की सत्यशीलानं हात मागे घेतला.

"हा तर दिसंल."

"बाटलीत दिसतो. बोटावर बघा."

एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला. राजेश्वरीनं सत्यशीलाचा हात काउंटरवर न ठेवता तिच्याच साडीवर ठेवला आणि दोघी लांबून बघायला लागल्या. अंगठा नुसता अंगठ्यासारखा दिसत होता. नखाला चकाकी होती एवढंच; काळं कुठं होतं ते माहीत असल्याशिवाय सापडत नव्हतं.

"हाच," सत्यशीला म्हणाली.

राजेश्वरीनं बाकीची बोटं पुसून सगळ्यांना तोच रंग लावला. एक बिनवासाचं रिमूव्हर दिलं, आणि चुलतीच्या अनुभवातून एक सांगितलं: "तपासणीला जाल तेव्हा काढून जा. ते बोटाला चिमटा लावतात ना, ऑक्सिजन बघायचा, तो रंगामुळं चुकतो." मग दारात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

घरी सासू झुंबरबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नसे. सुनेच्या हाताकडे त्यांचं लगेच लक्ष गेलं.

"कशाचं असतंय गं ते?"

"झाडपाल्याचं, आत्या. मासळीबिसळी काही न्हाई. विचारून आणलंय."

झुंबरबाईंनी तिचा हात ओढून घेतला, अंगठा उन्हात फिरवला. हात सोडून परत सुपाला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते काळं हुतं तवर तुला कुनी काम सांगत नव्हतं. आता सांगत्याल बघ."

सत्यशीलाला वाटलं, म्हातारी काहीतरीच बोलते.

पहिले काही दिवस खरंच बरे गेले. मुलं हात धरायला लागली. ती चिमुरडी तर नखांवरून बोट फिरवून "गुळगुळीत" म्हणायची. हापशावर कुणी काही विचारेना. उलट बायका म्हणायला लागल्या, "झालीस बाई चांगली. तोंडावर तेज आलं." तोंडावर काहीच आलं नव्हतं, पण सत्यशीला मान हलवायची. काही सांगावं लागत नाही हेच तिला खूप होतं.

मग सुपरवायझर मॅडम भेटीला आल्या. केंद्र बघितलं, मुलांची वजनं बघितली. जाताना म्हणाल्या, "सत्यशीलाताई, आता तर तुम्ही छान दिसताय. पलीकडच्या वस्तीवरच्या बाई रिटायर झाल्या. नवीन माणूस येईपर्यंत तो चार्ज तुमच्याकडे देते."

"मॅडम, मला अजून दम लागतो."

"हळूहळू होईल सवय. तुमच्यासारखी जुनी बाई दुसरी कोण आहे मला?"

वस्ती लांब नव्हती, पण मध्ये चढ होता. सकाळी इथली मुलं, दुपारी तिथली. गरोदर बायांच्या भेटी दोन्हीकडच्या. मोबाईलवर माहितीही दुप्पट.

तिचा नवरा गहिनीनाथ श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगाम सुरू असला की गावी येणं होत नसे. माणूस वाईट नव्हता. केमोच्या प्रत्येक वेळी तो मालकाला सांगून नगरला आला होता, दवाखान्याच्या फरशीवर झोपला होता. पण त्या काळात बायको कशी दिसत होती, तेच त्याच्या डोळ्यांत भरलं होतं. त्यानं एका रविवारी व्हिडिओ कॉल केला. सत्यशीलानं पदर सावरायला हात वर केला, तो त्याला दिसला.

"आरं! नखं साफ झाली की तुझी!"

"व्हय," ती म्हणाली. रंग लावलाय, हे सांगावं असं तिला वाटलं होतं, पण तो इतका आनंदला होता की तिनं सांगितलं नाही.

"मग गाय आणू का परत? सुनील म्हणत हुता, त्याला चारा पुरंना."

सुनील हा तिचा धाकटा दीर. आजारपणात त्यांची गाय त्याच्याकडे नेऊन बांधली होती. ती त्याच आठवड्यात टेम्पोतून परत आली. गाय गुणी होती, पण धार काढायची म्हणजे बोटांचंच काम. सत्यशीलाच्या बोटांच्या टोकांना केमोपासून मुंग्या यायच्या. कधी टोकं बधिर व्हायची, कधी सुई टोचल्यासारखी दुखायची. सड किती जोरात धरलाय ते तिला कळत नसे. गाय पाय उचलायची. झुंबरबाई काठी टेकत येऊन गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "मी काढते," म्हणायच्या. पण त्यांचीही बोटं संधिवातानं वाकडी झालेली.

दुपारी एकदा वस्तीवरून परत येताना सत्यशीला चढावर बांधाला टेकली. नुसता श्वास घ्यायला म्हणून. उठायचं म्हणाली तर उठवेना. काही दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. अंगातलं सगळं कुणीतरी ओतून नेल्यासारखं झालं होतं. समोर ज्वारी उभी होती, पाखरं बसत होती, उडत होती. कुणीतरी जाईल आणि हात देईल म्हणून ती बसून राहिली. मच्छिंद्र जीपवाला आला. तिला बघून त्यानं गाडी थांबवली. "काय बाई, सावलीत बसलाव जनू?" सावली नव्हती तिथं. ती म्हणाली, "व्हय. चल, सोड मला घरापर्यंत."

त्या दिवशी तिला सासूचं बोलणं आठवलं. नखं झाकली तेव्हा आपण नुसती नखं झाकली असं तिला वाटलं होतं. लोकांनी मात्र तेवढ्यावरून सगळंच बरं झालं असं धरलं, आणि खोडून काढायला तिच्याकडे दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दम दिसत नाही. मुंग्या दिसत नाहीत.

तपासणीची तारीख आली. आदल्या संध्याकाळी तिनं रिमूव्हरनं सगळी बोटं पुसली. काळं थोडं पुढं सरकलं होतं, मुळाशी कोवळी पांढरट पट्टी दिसत होती. पण अंगठे अजून अर्धेअधिक काळेच. नगरला रक्त तपासलं. गाठीचं काही नव्हतं, ते सगळं ठीक होतं. रक्त मात्र कमी होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काम किती करता?" तिनं सांगितलं. अंगणवाडी, दुसरी अंगणवाडी, गाय, घर. डॉक्टरांनी लिहायचं थांबवून तिच्याकडे बघितलं. "आजार गेला म्हणजे ताकद आली असं नसतं, बाई. ताकदीला वर्ष लागतं, कधी जास्त. निम्मं काम कमी करा."

"मी कशी कमी करू?"

"सांगायचं लोकांना."

दुसऱ्याच दिवशी सेविकांची बैठक होती. सकाळी बाटली समोर घेऊन ती बसली, टोपणही उघडलं. पण दोन हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचं, तोवर काही धरायचं नाही, एवढं करायचं बळ तिच्यात नव्हतं. टोपण लावून ती तशीच गेली. कुणाला काही दाखवायचं असं तिच्या मनातही नव्हतं.

बैठकीत सुपरवायझर मॅडमनी तिला बोलावून मोबाईलवरची वस्तीची राहिलेली माहिती दाखवायला सांगितली. सत्यशीला टेबलापाशी उभी राहून पडद्यावर बोट फिरवायला लागली. बधिर बोट कधी उमटत होतं, कधी नाही. मॅडमची नजर मोबाईलवरून तिच्या अंगठ्यावर गेली आणि तिथंच राहिली. आजूबाजूच्या सेविकाही वाकून बघायला लागल्या.

"अहो, हे काय झालंय? परत झालं का काही?"

"परत न्हाई, मॅडम. हे तवाचंच हाय. मी रंग लावत हुते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी तुम्हाला दुसरा चार्ज दिला असता का?"

सत्यशीलाला राग आला असता तर सोपं झालं असतं. रागालाही ताकद लागते. ती शांतपणे म्हणाली, "बोलले हुते, मॅडम. दम लागतो म्हणाले. तुमी म्हणालात, छान दिसताय."

खुर्ची ओढून मॅडमनी तिला बसायला सांगितलं, आणि बैठक पुढं चालू केली. शेवटी पलीकडच्या वस्तीचं काम त्यांनी दोन तरुण सेविकांना आळीपाळीनं वाटून दिलं. त्यातली एक जरा नाराज झाली. सत्यशीलाला ते दिसलं, वाईटही वाटलं, पण तिनं ते काम परत मागून घेतलं नाही.

घरी येऊन तिनं स्वतःहून गहिनीनाथला फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "गाय सुनीलभावजींकडं न्यायला लावा परत."

"का? मारती का?"

"न्हाई. मला जमत न्हाई. बोटं दुखत्यात."

"पण नखं तर—"

"तो रंग हुता. आत अजून काळंच हाय."

तो म्हणाला, "मला वाटलं, तू बरी झालीस."

"बरी झाले. पण लई थकले ओ."

"आगं, मग सांगायचंस की."

"मलाच कळत नव्हतं कसं सांगायचं. आज सांगितलं."

त्यानं इंजिन बंद केलं असावं, कारण एकदम शांत झालं. "उद्या सांगतो सुनीलला," तो म्हणाला. "आनि चाऱ्याचं बघतो मी काहीतरी. तू नको इचार करू."

गाय गेली. जाताना सत्यशीलानं तिच्या कपाळावर हात फिरवला आणि तिला थोडं रडूही आलं. गाय आवडत नव्हती असं नव्हतं.

पुढं एकदा बाजाराला म्हणून जामखेडला गेली तेव्हा ती राजेश्वरीच्या दुकानात शिरली. राजेश्वरीनं विचारलं, "संपलं का? दुसरी बाटली देऊ?"

"न्हाई, हाय अजून. अंगणवाडीच्या पोरांसाठी लावते कधीमधी. तुमच्याकडं जरा बसू का?"

"बसा की," राजेश्वरी म्हणाली, आणि स्टूल पायानं तिच्याकडे ढकललं. गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात होत्या. दोघी फारशा बोलल्या नाहीत. राजेश्वरीनं चहा सांगितला, आणि त्या दिवशी तो गरम असतानाच पिऊन झाला.

रक्त भरून यायला उन्हाळा उजाडला. थकवा एकदम गेला नाही. एखादा दिवस चांगला जायचा, मग दोन दिवस वाईट. पण अंगणवाडीतून आल्यावर सत्यशीला आता सोप्यात चटई टाकून आडवी व्हायची. लग्न झाल्यापासून या घरात ती दिवसाउजेडी कधी झोपली नव्हती. पहिल्यांदा आडवी झाली तेव्हा सासू काय म्हणेल म्हणून डोळे उघडेच ठेवले होते. झुंबरबाईंनी दाराचा पडदा ओढून घेतला होता.

अशाच एका दुपारी मोबाईल वाजला. गहिनीनाथचा फोन होता, हंगाम संपून कधी निघतोय ते सांगायला. झुंबरबाईंना तो मोबाईल नीट धरता येत नसे. त्यांनी तो उचलून अंगणात नेला, दोन-तीनदा भलतीकडेच बोट दाबलं, मग कसाबसा कानाला लावला.

"आय, तिला दे की," पलीकडून आवाज आला.

झुंबरबाईंनी दारातून आत बघितलं. सत्यशीला कुशीवर वळून, हात उशाखाली घेऊन गाढ झोपली होती.

"झोपलीय ती," त्या म्हणाल्या. "मी न्हाई उठवायची. काय सांगायचं ते मला सांग."